लेकी बोले, सुने लागे

दलित साहित्यानं अमेरिकेकडून काय घेतलं याची चर्चा पुष्कळ झाली. म. ना. वानखेडे तिकडे शिकून आले आणि काळ्या लेखकांविषयी बोलू-लिहू लागले. जनार्दन वाघमाऱ्यांनी त्या साहित्याची मराठीला ओळख करून दिली. १९६६ साली ऑकलंडला ब्लॅक पँथर निघाली, १९७२ साली मुंबईत दलित पँथर. रिचर्ड राइट, लँग्स्टन ह्यूज, बॉल्डविन ही नावं आमच्या अनियतकालिकांत इतकी रुळली की जणू परळ-नायगावचीच माणसं. हे सगळं ठीक झालं.

पण दोस्तहो, एक प्रश्न राहून गेला. काळा माणूस उठला तेव्हा समोरचा गोरा गप्प बसला का? तो काय बोलला? त्यानं कुठली मासिकं काढली? शेवटी सत्ता कुणाच्या हाती गेली? दलित समीक्षेत बॉल्डविन सापडतो, गोल्डवॉटर सापडत नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली मनुस्मृती जाळली ती वाचून जाळली. विरोधकाचा ग्रंथ ओळ न् ओळ वाचायचा ही आपली रीत. अमेरिकेच्या बाबतीत ती अर्धीच पाळली गेली. त्याची किंमत मी इथं, कल्याणच्या पुढं, उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात रोज मोजली जाताना बघतो. म्हणून हा लेख.

पहिली गफलत भाषांतराची. 'कॉन्झर्व्हेटिव्ह'ला आपण 'पुराणमतवादी' म्हणतो, नाहीतर 'सनातनी'. हे शब्द कानावर पडले की डोळ्यांपुढं शेंडी येते, जानवं येतं, सोवळं येतं. अमेरिकेतला हा गडी तसला नव्हता. तो टाय लावून आला, हसत आला, छापखाना आणि टपाल घेऊन आला. विल्यम बकली या तिशीतल्या माणसानं १९५५ साली 'नॅशनल रिव्ह्यू' नावाचं पत्र काढलं. कायम तोट्यात चालणारं. रिचर्ड व्हिगरी नावाच्या दुसऱ्या एकानं गोल्डवॉटरला देणग्या देणाऱ्यांची नावं-पत्ते सरकारी दप्तरातून हातानं उतरवून घेतले आणि पत्रं धाडून धाडून माणसं जोडली.

आपल्याकडं काय झालं? १९६० साली 'मार्मिक' निघालं. व्यंगचित्रांचं साप्ताहिक, हसवणारं. त्यात 'वाचा आणि थंड बसा' असं सदर होतं. कचेऱ्यांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या त्यात यायच्या. नुसत्या याद्या. त्या याद्यांतून १९ जून १९६६ ला शिवसेना उभी राहिली आणि १९६७ साली तिनं पहिली सत्ता मिळवली ती आमच्या ठाण्यात, नगरपालिकेत. छोट्या पत्राला हसू नये. आपणही छोटीच पत्रं काढतो, पण त्यांनी शब्द शोधले आणि ते शब्द त्यांना सत्तेपर्यंत घेऊन गेले. माझा मुद्दा त्या शब्दांचा आहे.

अमेरिकेतला क्रम बघा. १९५४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की काळ्या-गोऱ्या पोरांच्या वेगळ्या शाळा चालणार नाहीत. १९५७ साली बकलीच्या पत्रानं अग्रलेखात उघड लिहिलं की दक्षिणेत गोरे संख्येनं कमी असले तरी राज्य त्यांचंच चाललं पाहिजे, कारण तूर्त तेच पुढारलेले. म्हणजे तोवर तोंडावर बोलायची सोय होती. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा आला. सिनेटर बॅरी गोल्डवॉटरनं त्याविरुद्ध मत दिलं, पण भाषा बदलली: मी काळ्यांच्या विरुद्ध नाही, मी राज्यघटनेच्या आणि राज्यांच्या हक्कांच्या बाजूचा. त्या साली तो अध्यक्षपदाची निवडणूक सपाटून हरला. जिंकली फक्त सहा राज्यं. एक त्याचं स्वतःचं ॲरिझोना. बाकीची पाच कुठली? मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, साउथ कॅरोलिना. जिथं काळ्याला झाडाला टांगलं जायचं तिथली. तिथल्या गोऱ्या मतदाराला 'राज्यांचे हक्क' याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही.

त्याच दिवशी कॅलिफोर्नियात दुसरं मतदान झालं. घर विकताना, भाड्यानं देताना काळा-गोरा भेद करू नका असा तिथं नुकताच कायदा झाला होता. तो मोडीत काढायच्या बाजूनं जवळजवळ दोन तृतीयांश मतं पडली. त्याच लोकांनी गोल्डवॉटरला पाडलं होतं! पुढं १९६७ साली कोर्टानं तो प्रकार रद्द केला, पण लोकांच्या पोटातलं बाहेर आलं होतं. माणूस मोठ्या सभेत समतेला टाळ्या देतो आणि आपल्या बिल्डिंगच्या दारात उभा राहिला की वेगळाच होतो.

१९६८ साली निक्सन 'कायदा आणि सुव्यवस्था' म्हणत निवडून आला. १९७६ च्या प्रचारात रेगन शिकागोच्या एका बाईची गोष्ट गावोगाव सांगत फिरला: खोट्या नावांनी सरकारी मदत लाटते आणि चैन करते. बाईची जात, म्हणजे रंग, सांगितला नाही. सांगायची गरजच नव्हती. ऑगस्ट १९८० मध्ये रेगननं मिसिसिपीतल्या नेशोबा काउंटीच्या जत्रेत भाषण केलं आणि 'राज्यांचे हक्क' हे शब्द उच्चारले. त्या जत्रेपासून जवळच १९६४ साली नागरी हक्कांसाठी राबणाऱ्या तीन पोरांना मारून पुरलं होतं. रेगननं त्यांचा उल्लेख केला नाही. नोव्हेंबरात तो अध्यक्ष झाला.

याची किल्ली १९८१ साली त्यांच्याच माणसानं दिली. रेगनच्या गोटातल्या ली ॲटवॉटरनं एका अभ्यासकाला मुलाखतीत सांगितलं, त्याचा आशय असा: १९५४ साली काळ्यांना उघड शिवी देता यायची. १९६८ पर्यंत ती शिवी आपल्यावरच उलटायला लागली. मग राज्यांचे हक्क वगैरे म्हणायचं. पुढं तेही सोडून फक्त करकपातीवर बोलायचं. सगळं हिशेबाचं, अर्थशास्त्राचं. फक्त त्यात मार बसतो तो गोऱ्यांपेक्षा काळ्यांना जास्त.

आपल्या आयाबायांना हे समजायला ॲटवॉटर नको. मराठीत म्हणच आहे, लेकी बोले सुने लागे. सासू लेकीला म्हणते, "अगं, उजाडलं तरी निजून राहू नये." लेक तर चार दिवसांची पाहुणी. चुलीपुढची सून ओळखते की हे आपल्याला. आणि सुनेनं तोंड उघडलं की सासू म्हणणार, "मी तुला कुठं काय बोलले?" अमेरिकेतल्या आधुनिक उजव्या राजकारणाची सारी कला या एका वाक्यात आहे. नाव घ्यायचं नाही, घाव घालायचा, आणि ओरडणाऱ्यालाच भांडकुदळ ठरवायचं.

आता तिकडची अमेरिका सोडून आमच्या यू.एस.ए.त या. 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा या पट्ट्यातला जुना विनोद. विनोद बाजूला ठेवा, इतिहास बघा. फाळणीत सिंधमधून उखडलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत आली. सुमारे एक लाख. बराकींत गोणपाटाचे पडदे लावून त्यांनी संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ ला छावणीचं उल्हासनगर झालं. सरकारनं छप्पर दिलं, रेशन दिलं, १९५४ च्या कायद्यानं मागं राहिलेल्या मालमत्तेची भरपाई दिली. योग्यच केलं. त्या माणसांनी पापड लाटून, गोळ्या-बिस्किटं विकून, कापड शिवून बाजार उभा केला. त्यांच्या कष्टाला माझा नमस्कार आहे. त्यांची जखम खरी होती आणि त्या जखमेवर हात ठेवत जनसंघ इथं रुजला हेही समजण्यासारखं आहे.

पण मला शब्दांचा हिशेब मांडायचाय. त्यांना कुणी 'सरकारचे जावई' म्हटलं का? नाही. म्हणायलाही नको होतं. मग हा शब्द कुणासाठी राखून ठेवला? त्याच कॅम्पांच्या कडेला टेकडीवर, नाल्याकाठी, ज्यांनी पत्र्याच्या खोल्या बांधल्या त्यांच्या शिकलेल्या पोरांसाठी. स्कॉलरशिप मिळाली, जावई. क्लार्क झाला, जावई. अमेरिकेत १९४४ च्या कायद्यानं युद्धावरून परतलेल्या शिपायांना कॉलेजची फी आणि घरासाठी कर्ज मिळालं. गोऱ्यांची उपनगरं त्यावर उभी राहिली, काळ्या शिपायांना प्रत्यक्षात फार थोडं हाती लागलं. त्या मदतीला कुणी खिरापत म्हटलं नाही. मदत काळ्या बाईपर्यंत पोचली तेव्हा रेगनला गोष्ट सुचली. शिकागोची बाई आणि आमचा जावई, दोघं एकाच टाकसाळीतली नाणी.

दुसरा शब्द 'गुणवत्ता'. अमेरिकेत शाळा एक करा म्हटल्यावर व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीनं १९५९ साली सरकारी शाळांना कुलूपच ठोकलं. पाच वर्षं. गोऱ्यांनी खासगी शाळा काढल्या, काळी पोरं घरी बसली. महाराष्ट्रात कुलूप लावलं नाही, शेजारी दुसरं दार उघडलं. १९८३ पासून विनाअनुदानित इंजिनीअरिंग-मेडिकल कॉलेजांचं पीक आलं. देणगी भरा, आत या. २००५ साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की अशा विनाअनुदानित कॉलेजांवर सरकार राखीव जागा लादू शकत नाही. त्यावर घटना दुरुस्त करावी लागली. लाखांच्या देणगीवर डॉक्टर झालेल्यानं राखीव जागेवर आलेल्याला गुणवत्ता विचारायची, हा तमाशा आपण पोटभर बघितला. तिकडे २०२३ साली सुप्रीम कोर्टानं कॉलेज प्रवेशात वंशाचा विचार बंद केला, 'रंग न बघणारी घटना' असं म्हणत. माजी विद्यार्थ्यांच्या पोरांना मिळणारं झुकतं माप मात्र त्या निकालानं तसंच राहिलं. बापाची जागा पोराला मिळाली तर ती परंपरा. आम्हाला मिळाली तर अन्याय.

तिसरा शब्द 'आर्थिक निकष'. हा सगळ्यांत गोंडस. गरिबाला जात नसते, असं म्हणत आला. १९९० साली मंडल आलं तेव्हा शिवसेना हेच बोलत होती. २०१९ साली घटनेची १०३ वी दुरुस्ती झाली आणि आर्थिक दुर्बलांना १० टक्के राखीव जागा मिळाल्या. वर्षाला आठ लाखांखाली उत्पन्न तो दुर्बल. आणि अनुसूचित जाती-जमातीचा, ओबीसीचा गरीब? तो त्यातून वगळलेला. २०२२ साली कोर्टानं तीन विरुद्ध दोन मतांनी हे मान्य केलं. म्हणजे 'गरिबाला जात नसते' म्हणत आलेल्या कायद्यानं आत जाताना जातच विचारली.

चौथा शब्द कानाला साधा लागतो: सरकार कमी करा. रेगननं १९८१ च्या पहिल्या भाषणात सरकार हीच समस्या आहे असं सांगितलं. अंबरनाथला उभं राहून हे वाक्य ऐका. इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं गेट म्हणजे आमच्या कित्येक घरांना पहिला पगार, पहिला फंड, पहिलं पेन्शन. कारण तिथं सरकार होतं, आणि सरकार होतं म्हणून रोस्टर होतं. रस्त्यापलीकडं एम.आय.डी.सी.त केमिकलच्या पिंपांशी ठेकेदाराची माणसं राबतात. ठेकेदाराच्या मस्टरला रोस्टर नसतं. २०२१ साली देशभरच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांचं बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या केल्या. तिकडे काळ्यांच्या मध्यमवर्गालाही पोस्टानं, शाळेनं, सरकारी कचेरीनंच हात दिला होता. सरकारी ठेके घेणाऱ्या कंपन्यांनी भरतीत भेदभाव करू नये हा जॉन्सनचा १९६५ चा हुकूम ट्रम्पनं जानेवारी २०२५ मध्ये, गादीवर बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रद्द केला. 'सरकार कमी' याचा आमच्या बोलीतला अर्थ असा आहे: ज्या एका दारातून तू आत आलास ते दार बंद.

पाचवा शब्द बदलापूरचा. इथं टॉवर उठतायत. जागा बघायला गेलं की एजंट गोड हसून विचारतो, "आडनाव काय? घरात नॉनव्हेज चालतं का?" पाटीवर लिहिलेलं असतं 'शाकाहारी कुटुंबास प्राधान्य'. घ्या, आहे का त्यात जात? नाही. पण लागायचं त्याला लागतं. कॅलिफोर्नियाच्या १९६४ च्या मतदारानं हाच प्रश्न मतपेटीत टाकला होता.

आणि शेवटचा शब्द, ज्याला मी सगळ्यांत जास्त भितो: समरसता. १४ एप्रिल १९८३, बाबासाहेबांची जयंती. त्या दिवशी पुण्यात सामाजिक समरसता मंचाची स्थापना झाली. त्याआधी १९७४ साली सरसंघचालक देवरसांनी पुण्याच्याच व्याख्यानात अस्पृश्यता पाप आहे असं स्वच्छ सांगितलं होतं. ते मान्य करून मी बोलतोय. पण शब्द बघा. आम्ही समता मागितली, मिळाली समरसता. समतेत हिशेब असतो: जमीन किती, नोकरी किती, मंदिराचा ताबा कुणाकडं. समरसतेत साखर विरघळते आणि दूध ज्याचं त्याचंच राहतं. नेमकं त्याच १९८३ साली, नोव्हेंबरात, रेगननं मार्टिन ल्यूथर किंगच्या जयंतीची राष्ट्रीय सुटी मंजूर केली. आधी खर्चाचं कारण सांगून तो कुरकुरत होता. किंग जिवंत असता तर प्रश्न विचारता. पुतळा प्रश्न विचारत नाही, आणि हे दोन्हीकडच्या उजव्यांना एकाच वर्षी उमगलं.

आता फरक सांगतो, नाहीतर तुलना पोरकट होईल. अमेरिकेत गोरे बहुसंख्य. रंग न बोलता मतं मिळत गेली. इथं उच्चवर्णीय मूठभर. त्यांना बहुजनांची पोरं लागली, आणि त्यांना एकत्र ठेवायला समोर दुसरा कुणीतरी लागला. तिकडेही १९७९ साली चर्चवाल्यांची 'मॉरल मेजॉरिटी' उभी राहिलीच. आमच्या अंबरनाथ तालुक्यात मलंगगड आहे. हाजी मलंगची दर्गा, वहिवाटदार केतकर हे ब्राह्मण घराणं. हिंदू-मुसलमान पिढ्यान् पिढ्या एकाच पायऱ्या चढत आले. १९८० च्या दशकात आनंद दिघ्यांनी तिथं मंदिर म्हणून आंदोलन सुरू केलं. त्या पायऱ्या चढणारी पोरं आगरी, कुणबी, मराठा, काही आमचीसुद्धा. मंडलला ज्यांचा पक्ष विरोध करत होता त्यांच्याच घरात मंडलचे लाभार्थी होते. पण पोराच्या हाती झेंडा होता आणि पोटात अभिमान होता.

दुसरा फरक हा की इथं आडून बोलणं आणि उघड मारणं शेजारी-शेजारी चालतं. जानेवारी १९७४, मुंबई. भागवत जाधवच्या डोक्यात वरून पाटा घातला गेला. १९७८ साली विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात घरं पेटली. १९८८ साली 'रिडल्स'वरून मोर्चाला मोर्चा भिडला. ११ जुलै १९९७ ला, युतीचं राज्य असताना, रमाबाई नगरात गोळीबारात दहा माणसं गेली. तेव्हा ॲटवॉटरचं वेळापत्रक आपल्याला जसंच्या तसं लागू नाही. शहरात सासूची भाषा, गावात कुऱ्हाड.

मग आमची माणसं तिकडं का जातात? २०११ साली शिवशक्ती-भीमशक्ती एकत्र आली. 'विकले गेले' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. रात्री दोनला बाई अडली तर शाखेतून गाडी यायची. नळाला पाणी, शाळेत दाखला, पोलीस ठाण्यात शब्द, हे शाखा करून द्यायची. आमचे पुढारी तेव्हा रिपब्लिकन पक्षाचा आणखी एक गट कुणाच्या नावानं काढायचा यात गुंतलेले. अमेरिकेतही रेगनला युनियनच्या गोऱ्या कामगारांनी मतं दिली, ती त्यांच्या जुन्या पक्षानं त्यांच्याकडं बघणं सोडल्यावर. उजवा जिंकतो तो नुसत्या कपटानं नव्हे. तो दारात येतो म्हणून जिंकतो.

शब्द हिसकावले जातात तसे नायकही. मे १९२७ मध्ये, महाडच्या तळ्यानंतर दीड महिन्यानं, याच बदलापुरात शिवजयंतीच्या उत्सवाला अध्यक्ष म्हणून बाबासाहेब आले होते. त्याआधी १८६९ साली जोतीरावांनी महाराजांवर पवाडा रचला होता. तेव्हा शिवाजी महाराज कुणाचे? आज बदलापूर स्टेशनाबाहेर शंभर पोरांना विचारा, १९२७ ची गोष्ट किती जणांना ठाऊक आहे. आपण ती सांगायची सोडली आणि दुसऱ्यांनी दुसरी सांगितली.

म्हणून दलित समीक्षेला माझं सांगणं आहे. कवितेतल्या प्रतिमा मोजून झाल्या असतील तर थोडं अग्रलेखांकडं, जाहीरनाम्यांकडं, बिल्डिंगच्या पाट्यांकडं, कोर्टाच्या निकालांकडं वळा. तेही साहित्यच आहे, आणि त्याचे वाचक आपल्यापेक्षा फार जास्त आहेत. आपल्या कवींनाही एक विनंती. 'व्यवस्था', 'अंधार', 'सूर्य' असले शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेत. 'व्यवस्था' म्हटलं की कुणाचंच नाव येत नाही. म्हणजे आपणही आडूनच बोलायला लागलो. दलित साहित्य जन्मलं ते नाव घेऊन बोलण्यातून. पाटलाचं नाव, वाड्याचं नाव, विहिरीचं नाव, शिवीचंही नाव. ते धारिष्ट्य आता टॉवरचं, ठेक्याचं, मस्टरचं आणि निकालाचं नाव घ्यायला लागणार आहे.

पुढच्या वेळी कुणी गुणवत्ता म्हणेल, शिस्त म्हणेल, समरसता म्हणेल, तेव्हा लेक कोण हे विचारत बसू नका. चुलीपाशी कोण बसलंय ते बघा आणि तिला विचारा, बाई, तुला कुठं लागलं? ती सांगेल ते लिहा, आणि तिचं नाव घालून लिहा.